लुकलुक म्हणजे सेकंदाला किती?

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. शनिवारची सकाळ, चहा झालाय, बायको झोपलीय, आणि डोक्यात गेले कित्येक दिवस एक विषय घोळतोय. विषय ऐकाल तर हसाल. आफ्टर इफेक्ट्समध्ये एखादी गोष्ट लुकलुकवायची कशी, हा तो विषय. हो, ब्लिंक. दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो. त्यात भांडण्यासारखं काय आहे?

आहे. वाचा तर खरं.

आधी स्वतःचं पाप सांगतो, म्हणजे नंतर दुसऱ्यांना शिव्या घालायला मोकळा. मी दिवसा पगारासाठी कोड लिहितो आणि रविवारी हौस म्हणून मोशन ग्राफिक्स करतो. आमची सोसायटी मुलुंडची. एका गणपतीत कमिटीने ठरवलं की थर्माकोलचं मखर बास झालं, यंदा मागे एलईडी वॉल भाड्याने आणू. बारा फूट बाय आठ फूट. त्यावर चालवायचा व्हिडिओ अर्थातच 'आपला इंजिनिअर' करणार, फुकटात. मी एका संध्याकाळी बसून केला. मधे फिरणारं चक्र, कडेने दिव्यांची माळ आणि वर लाल अक्षरांत लुकलुकणारं 'गणपती बाप्पा मोरया'.

लुकलुकीसाठी एका ट्युटोरियलमधली ओळ उचलली. ओपॅसिटीच्या स्टॉपवॉचवर ऑल्ट दाबून क्लिक, ओळ पेस्ट, काम झालं. ओळ साधी होती: टाइमला एका आकड्याने गुणायचं, त्याचा साइन घ्यायचा, त्याला शंभरने गुणायचं. त्या आकड्याच्या जागी मी साठ टाकला. विचार असा, की मिनिटाला साठ वेळा, म्हणजे सेकंदाला एकदा. किती सुटसुटीत!

इंजिनिअरिंगची चार वर्षं केलेल्या माणसाने ही चूक करावी याची आजही लाज वाटते. त्या ओळीत मिनिट कुठेच नव्हतं. टाइम सेकंदात असतो आणि साइनला कोन लागतो रेडियनमध्ये. एक पूर्ण फेरी म्हणजे सुमारे ६.२८ रेडियन. म्हणजे साठ भागिले ६.२८. सेकंदाला साडेनऊ वेळा! लाल रंगात, बारा फुटांच्या भिंतीवर.

लॅपटॉपवर प्रिव्ह्यू अडखळत चालत होता, त्यामुळे तिथे वेग कळला नाही. पण भिंतीवर चालू केल्यावर कळला की! मला चक्क दिसलं की हे जरा जास्तच फडफडतंय. पण खाली उभ्या असलेल्या पोरांनी "एक नंबर!" म्हटलं, कमिटीच्या काकांनी पाठ थोपटली, आणि मी गप्प बसलो. खरं पाप हे. गणित चुकणं ही चूक झाली. दिसल्यावर गप्प बसणं, त्याला दुसरा शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. लिफ्टपाशी थांबवून हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, एक सांगू का, रागावू नकोस हं. तो मागचा पडदा आरतीपुरता बंद ठेवता येईल का? हिला फिट येतात ना... डॉक्टरांनी असल्या उजेडासमोर उभं राहू नको म्हणून सांगितलंय. काल ती जिन्यातूनच परत गेली." 'ही' म्हणजे त्यांची नात, वय अकरा. दरवर्षी आरतीत टाळ वाजवायला सगळ्यात पुढे असते.

मला काय बोलावं सुचेना. "हो काकू, लगेच करतो" एवढंच म्हणालो आणि वर आलो.

तर आता भांडणाकडे येतो.

पहिलं भांडण 'फार झालं तर कुणाला तरी त्रास होईल, अपवाद असतो तो' म्हणणाऱ्यांशी. ही काही काकूंच्या घरापुरती गोष्ट नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग टीव्हीवर लागला. त्यात काही सेकंद लाल आणि निळा रंग आलटून पालटून चमकला, सेकंदाला सुमारे बारा वेळा. त्या संध्याकाळी जवळजवळ ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, बहुतेक लहान मुलं. त्यातल्या बऱ्याच मुलांना त्याआधी आयुष्यात कधी फिट आलेली नव्हती. म्हणजे आपल्याला हा त्रास आहे हे त्यांना आणि त्यांच्या आईबापांना त्या पडद्यासमोरच कळलं. २००७ साली लंडन ऑलिम्पिकच्या बोधचिन्हाची एक छोटी चित्रफीत आली होती. तिच्यातल्या एका चमकत्या तुकड्यामुळे लोकांना त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या आणि तो भाग मागे घ्यावा लागला. तिथे नावाजलेले डिझायनर होते, हौशी पोरं नव्हती.

एपिलेप्सी असलेल्या दर शंभरांत साधारण तिघांना अशा चमकणाऱ्या उजेडाने फिट येऊ शकते, आणि मुलांमध्ये व वयात येणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अधिक. तीन म्हणजे थोडे वाटतात? गणपतीच्या मंडपासमोर किती माणसं उभी राहतात आणि त्यात पोरं किती, ते आठवा आणि मग सांगा.

यावरचा नियम काही रॉकेट सायन्स नाही. ब्रिटनच्या टीव्हीसाठीच्या मार्गदर्शक सूचना घ्या, नाहीतर वेबसाइटसाठीचे २००८ सालचे सुलभतेचे निकष घ्या. सार एकच: कुठल्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त चमका नकोत. पडद्याचा मोठा भाग चमकत असेल तर धोका अधिक, आणि गडद लाल रंग असेल तर आणखी अधिक. माझं 'मोरया' या तिन्ही कसोट्यांवर नापास होतं. मेरिटमध्ये नापास.

दुसरं भांडण माझ्या एका मित्राशी. तो अंधेरीत मोशन ग्राफिक्स करतो, पोट त्यावरच चालतं, हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. त्याला हा किस्सा सांगितला तर म्हणाला, "म्हणून सांगतो, एक्स्प्रेशनच्या नादी लागू नकोस. सरळ कीफ्रेम मार. शंभर, शून्य, शंभर, शून्य, कॉपी, पेस्ट. डोळ्याला बरं दिसलं की झालं."

इथे माझं डोकं फिरतं. साहेब, डोळ्याला तर तेसुद्धा बरंच दिसलं होतं! सगळी सोसायटी 'एक नंबर' म्हणाली होती. डोळा हा इथे साक्षीदार म्हणून कुचकामी आहे, कारण ज्याला त्रास होणार आहे तो डोळा आपला नाही.

आणि हाताने मारलेल्या कीफ्रेममध्ये नेमकं काय होतं? आकडा नाहीसा होतो. तीस सेकंदांच्या व्हिडिओत सेकंदाला पाच चमका मारायच्या तर तीनशे कीफ्रेम. त्या पिवळ्या-करड्या ठिपक्यांच्या रांगेकडे बघून कोण सांगू शकेल की ही लुकलुक सेकंदाला किती? कोणी नाही. मारणारासुद्धा नाही. उद्या क्लायंट म्हणाला "थोडा और तेज करो," की सगळी रांग निवडून चिमटीत धरून आवळायची. मग कीफ्रेम फ्रेमच्या मधे कुठेतरी पडतात आणि लुकलुक नियमितही राहत नाही. एक चमक दोन फ्रेमची, पुढची तीनची.

एक्स्प्रेशनमध्ये चूक होऊ शकते, मी करून दाखवलीच आहे. पण ती चूक एका ओळीत लिहिलेली असते. आकडा साठ आहे हे दिसतं. कोणीतरी बोट ठेवून विचारू शकतं, "हे साठ म्हणजे काय रे?" मला त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी उत्तर द्यायला गेलो असतो आणि तोंडावर आपटलो असतो. वेळेत आपटलो असतो. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे: ज्या गोष्टीने कुणाला इजा होऊ शकते तिचा आकडा लिहिलेला हवा, एकाच जागी हवा आणि वाचता येईल असा हवा.

बरं, मग ओळ कशी लिहायची? एक्स्प्रेशन आफ्टर इफेक्ट्समध्ये २००१ सालापासून, पाचव्या आवृत्तीपासून आहेत, तरी अजून लोक ट्युटोरियलमधला मंत्र म्हणतात. म्हणून सांगतो, मंत्र म्हणून नाही, गणित म्हणून.

साइन सोडा. साइन उणे एक ते अधिक एक असा झुलतो. शंभरने गुणलं की निम्मा वेळ ओपॅसिटी शून्याच्या खाली जायला बघते आणि शून्यावर अडकते. त्यातून मिळते ती अर्धवट श्वास घेतल्यासारखी लुकलुक. मंद, हळू उमलणारा उजेड हवा असेल तर साइन जरूर वापरा, पण मग सेकंदाला किती हा आकडा दोन पायने गुणून आत टाका, म्हणजे ओळीत खरा आकडा दिसेल.

विगल तर मुळीच नको. विगल म्हणजे जिन्यातली खराब झालेली ट्यूबलाइट. ती फडफडते, लुकलुकत नाही. फडफडीला ठेका नसतो, आणि ठेका नाही त्याचा आकडा काय सांगणार?

नियमित लुकलुक म्हणजे शाळेतली बाकी. आपल्याकडे टीव्हीचं काम सेकंदाला २५ फ्रेमवर चालतं. आत्ता कितवी फ्रेम आहे ते घ्या. त्यासाठी टाइम टू फ्रेम्स नावाचं फंक्शन तयार आहे. त्या आकड्याला एका आवर्तनातल्या फ्रेमने भागा आणि बाकी बघा. आवर्तन दहा फ्रेमचं असेल तर बाकी शून्य ते नऊ येईल. बाकी पाचपेक्षा कमी असेल तर शंभर, नाहीतर शून्य. पाच फ्रेम उजेड, पाच फ्रेम अंधार, सेकंदाला अडीच चमका. तिसरीतल्या पोराला समजेल.

सेकंदांची बाकी न काढता फ्रेमची का काढायची, असं कोणी विचारेल. कारण कॉम्प्युटरला ०.४ हा आकडा तंतोतंत साठवता येत नाही. १.२ ला ०.४ ने भागा. तुमच्या-माझ्या हिशोबाने बाकी शून्य. कॉम्प्युटर मात्र ०.३९९९ असं काहीतरी सांगतो. मग जी फ्रेम उजळायला हवी ती काळी राहते, आणि तुम्ही रात्री दोन वाजता डोळे चोळत बसता की मधेच एक ठोका का चुकतोय. फ्रेम पूर्णांकात असतात, तिथे ही भानगड नाही.

त्यातच आणखी एक गंमत. सेकंदाला बरोबर तीन चमका हव्यात म्हटलं, तर २५ फ्रेममध्ये त्या बसतच नाहीत. ८.३३ फ्रेमचं आवर्तन होतं, म्हणजे एकदा आठ, पुन्हा आठ, मग नऊ. नियमित म्हणवणारी लुकलुक लंगडत चालते. म्हणून पूर्ण फ्रेमचं आवर्तन निवडा. दहा घ्या, बारा घ्या, पंचवीस घ्या. ठेकाही सुटत नाही आणि मर्यादाही ओलांडली जात नाही.

आणि जे सगळ्यात जास्त विसरलं जातं ते: टाइम हा कॉम्पोझिशनचा असतो, लेयरचा नाही. लेयर पुढे सरकवला तर लुकलुक मधूनच सुरू होते. एकटाच लेयर असेल तर टाइममधून त्याचा इन पॉइंट वजा करा. पण दहा लेयर लुकलुकवायचे असतील तर उलट करा, सगळ्यांना एकाच घड्याळावर ठेवा. कारण दोन लेयर प्रत्येकी सेकंदाला अडीच वेळा चमकत असतील आणि एक विझल्यावर दुसरा लागत असेल, तर बघणाऱ्याच्या डोळ्यावर पाच चमका पडतात. कागदावर दोघेही नियमात, पडद्यावर दोघे मिळून बाहेर. म्हणून एक नल लेयर घ्या, त्यावर एक स्लायडर कंट्रोल लावा, त्याला 'एका आवर्तनातल्या फ्रेम' असं धडधडीत नाव द्या, आणि सगळ्या एक्स्प्रेशनना तोच आकडा वाचायला लावा. उद्या फाइल दुसऱ्याच्या हातात गेली तरी त्याला आकडा सापडेल.

तिसरं भांडण सगळ्यात जुनं. "तीनच्या आत ठेवलं तर मिळमिळीत दिसतं यार. लक्ष कसं वेधणार?"

रिक्षाचा इंडिकेटर बघितलाय? (लावला तर!) वाहनांच्या इंडिकेटरचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे मिनिटाला ६० ते १२० वेळा. म्हणजे सेकंदाला एक ते दोन. भर पावसात एलबीएस रोडवर तो दिसत नाही असं कोण म्हणेल?

मुलुंड स्टेशनवर रात्री उभं राहून धडधडत जाणारी मेल गाडी बघा. शेवटच्या डब्यामागे एक लाल दिवा उघडझाप करत जातो. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण गेली, मागे डबा सुटून राहिला नाही, असा त्याचा अर्थ. इंजिनावर पिवळसर फ्लॅशर असतो. काही अपघात झाला, शेजारच्या रुळावर अडथळा आला, की ड्रायव्हर तो लावतो आणि समोरून येणाऱ्या गाडीने थांबायचं असतं. एक दिवा, एक अर्थ. रेल्वे हौसेने काही लुकलुकवत नाही, म्हणून तिचा लुकलुकता दिवा दिसल्यावर माणूस ब्रेकला हात घालतो.

दर्यावर्दी लोकांनी तर याचं शास्त्रच केलंय. कुलाब्याच्या टोकाला खडकावर प्राँग्सचा दीपस्तंभ १८७५ पासून उभा आहे. दीपस्तंभांची लय ठरलेली असते आणि पुस्तकात छापलेली असते, म्हणजे खलाशी अंधारात सेकंद मोजून ओळखतो की हा कुठला. उजेड कमी आणि अंधार जास्त असेल तर त्याला फ्लॅशिंग म्हणतात. उजेड जास्त आणि अंधार कमी असेल तर ऑकल्टिंग. दोन्ही सारखे असतील तर आयसोफेज. आपल्या बाकीच्या ओळीत 'पाचपेक्षा कमी'च्या जागी दोन लिहिलं की फ्लॅशिंग, आठ लिहिलं की ऑकल्टिंग. वेग तोच, चेहरामोहरा वेगळा. लक्ष वेधायला वेग वाढवावा लागतो असं कोण म्हणतं? उजेड-अंधाराची वाटणी बदलून बघा की आधी.

आता आपल्या बातम्यांच्या चॅनेलकडे या. ब्रेकिंग लुकलुकतंय, लाइव्ह लुकलुकतंय, खाली पट्टी लुकलुकतेय, कोपऱ्यातला बाण लुकलुकतोय, आणि बातमी काय, तर अमुक नेते बंगल्यातून निघाले. सगळंच ओरडत असेल तर ऐकायचं कुणाचं? आणि मग एखाद्या दिवशी खरंच पूर येतो, तेव्हा त्यासाठी यांच्याकडे वेगळं काय उरतं? आणखी वेग. दुसरं काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

"अरे पण आकडा विचारतो कोण?" मित्राचा शेवटचा हुकमी पत्ता. क्लायंट विचारत नाही, चॅनेलचा माणूस विचारत नाही, मंडळ तर नाहीच नाही.

खरंय, विचारत नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग, आणि महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. त्या रस्त्याने रोज हजारो लोक जात होते. आपणही त्यातलेच. किती मोठं आहे हे दिसत होतं, पण माप काय, असं आपल्यापैकी कोणी विचारलं नाही. लुकलुकणाऱ्या अक्षरांची आणि त्या मृत्यूंची बरोबरी मी करत नाहीये, तेवढी अक्कल आहे. मी एवढंच म्हणतोय की 'कोणी विचारत नाही' हे आपल्या शहरात काहीही करण्याचं कारण झालंय, आणि आकडे विचारले जातात ते नंतर. आपण इंजिनिअर लोक, निदान आपण तरी स्वतःला आधी विचारायला नको?

माझ्या बाबतीत सांगायचं तर त्या दुपारी ऑफिसचं काम बाजूला ठेवलं. साइनची ओळ उडवली, पन्नास फ्रेमचं आवर्तन घेतलं, त्यात चाळीस उजेड आणि दहा अंधार. दोन सेकंदांतून एकदा बाप्पाचं नाव क्षणभर विझतं आणि परत लागतं. लाल काढून पिवळसर केलं. माळेतले दिवेही त्याच घड्याळावर आणले. रेंडर आरतीच्या वीस मिनिटं आधी संपलं, पेन ड्राइव्ह घेऊन धावत खाली गेलो. कमिटीचे काका म्हणाले, "कालचं भारी होतं रे, हे जरा शांत वाटतंय." म्हटलं, "काका, शांतच राहू दे." मग काकूंना फोन केला, आधी स्वतः येऊन बघा, मगच तिला आणा म्हटलं. त्यांनी येऊन बघितलं आणि वर गेल्या.

पाच मिनिटांनी ती खाली आली. टाळ घेऊनच आली होती. पुढे जाऊन नेहमीच्या जागी उभी राहिली आणि पहिल्याच कडव्यापासून सगळ्यांच्या पुढे पळायला लागली, दरवर्षीसारखीच. तिचा ठेका मात्र कुठल्याच एक्स्प्रेशनमध्ये बसणार नाही. :)

तर मंडळी, गणपती दरवर्षी येतात आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या सोसायटीत 'आपला इंजिनिअर' फुकटात व्हिडिओ करतो. तो तुम्ही असाल तर रेंडरचं बटण दाबण्याआधी आकडा मोजा. तुम्ही नसाल तर त्याला गाठून विचारा, "लुकलुक सेकंदाला किती ठेवलीस रे?" सुरुवातीला तो वेड्यासारखा बघेल. बघू दे.

चला, बायको उठली. बाकीचं भांडण पुढच्या शनिवारी.